गुरुवारचं बोलणं

"दादांना इथे आणायचं नाही," शर्मिला म्हणाली. "मला आता कुणाचं काही करायचं नाही. भरवणं नाही, पुसणं नाही, दर दोन तासांनी कूस बदलणं नाही. झालं माझं करून."

हेमंतने आधी फोन पाहिला. मग उठून डब्यातून राजगिऱ्याचा लाडू काढला, बशीत ठेवला, शेजारी पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाला, "आधी हे खाऊन घे बघू. उपवास आहे ना तुझा." इतक्या मायेने म्हणाला, की तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

तिने लाडू खाल्ला. न खाऊन सांगते कुणाला? पाच मिनिटांनी त्याने पुन्हा फोन पाहिला, "येईल हळूहळू वर," असं स्वतःशीच पुटपुटला आणि पेपर उघडला. एका बाईने आयुष्यभराचं साठलेलं चार वाक्यांत सांगून टाकलं होतं, आणि त्या घरात काहीएक झालेलं नव्हतं. कारण तो दिवस गुरुवार होता.

हे नीट कळायचं तर शर्मिला कुलथेच्या दंडावरची पट्टी समजून घ्यायला हवी. तिचं कंपनीने ठेवलेलं नाव 'मधुरेखा'. कराडच्या या घरात मात्र तिला नुसतं 'रेखा' म्हणत, घरात तिसरी कुणी बाई राहायला आल्यासारखं. "रेखा काय म्हणते?" हे हेमंतचं दिवसातून दहा वेळा ठरलेलं. पट्टीखाली केसाएवढी बारीक तार कातडीत शिरलेली असे आणि ती मिनिटामिनिटाला अंगातली साखर मोजून फोनवर पाठवत असे. मोजणारी यंत्रं पूर्वीही होती. रेखा त्यापुढे जाऊन त्या साखरेवर माणूस कसा वागेल, तेही सांगायची.

त्यामागचं शास्त्र खोटं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मेंदू वजनाने अंगाच्या पन्नासाव्या भागाएवढा, पण शरीराच्या एकूण इंधनापैकी पाचवा हिस्सा एकटा खातो, आणि साठवून काही ठेवत नाही. रक्तातली साखर उतरली की मेंदूच्या तळाशी असलेलं भुकेचं ठाणं आधी बोंब मारतं. तरी खायला मिळालं नाही तर शरीर भीतीची रसायनं सोडतं: घाम, थरथर, धडधड. आणि कपाळामागचा जो भाग आपल्या तोंडाला लगाम घालतो, तो ढिला पडतो. मग माणूस तोडून बोलतो, रडतो, नको तिथे सही करतो. गंमत म्हणजे आकडा फार खाली जायलाच हवा असं नाही. भराभर उतरला तरी पोटात कावळे ओरडतात आणि डोकं फिरतं. तारेला हे कळायला मात्र पाच-दहा मिनिटांचा उशीर होतो, म्हणून रेखा आवाजही ऐकायची. साखर उतरली की जीभ जड होते, शब्द अडखळतात. त्यासाठी ती माणसाचं प्रत्येक वाक्य टिपून ठेवायची आणि त्यावर रंग लावायची. हिरवं म्हणजे भरल्या पोटीचं. पिवळं म्हणजे भुकेचं.

पिवळं वाक्य मनावर घ्यायचं नाही, असा रिवाज पडत गेला. आधी घराघरांत पडला आणि मग कायद्यात आला. घर विकणं, राजीनामा, घटस्फोट, आजारी माणसाला घरी सांभाळायची जबाबदारी घेणं, असल्या गोष्टींत पट्टीवाल्या माणसाचं हो किंवा नाही हिरव्यात असेल तरच धरायचं, असा नियमच झाला. नियम चांगल्या हेतूनेच केलेला होता. भुकेल्या माणसाच्या सह्या घेऊन लोकांनी काय काय केलेलं नाही?

आणि हेमंतलाही दोष देता येत नाही. पट्टी लावायच्या आधी एकदा, एका मंगळवारी, शर्मिलाने मधुमेहाची गोळी घेतली आणि कामाच्या गडबडीत जेवायचीच राहिली. दुपारी घरी आली ती घामाने निथळत. "पाणी देऊ का?" एवढंच त्याने विचारलं, तर तिने आमटीचं भांडं त्याच्या अंगावर फेकलं आणि खाली बसली. साखर निघाली बावन्न. त्याने तिला साखरेचं पाणी पाजलं, आणि ती भानावर आल्यावर तोच ढसाढसा रडला. एसटीच्या डेपोत तीस वर्षं शेकडो गाड्या सोडणारा माणूस, पण त्या दिवसापासून बायकोच्या साखरेला जो घाबरला तो घाबरलाच. पुण्याहून त्यांची लेक ओवी आली, तिने पट्टी बसवली आणि तिघांचे फोन एकमेकांना जोडून दिले.

आता गुरुवारचं.

शर्मिलाचा गुरुवारचा उपवास लग्नाआधीपासूनचा. अ‍ॅपमध्ये 'आज उपवास' असं एक बटण होतं. ते दाबलं की रेखा समजायची, बाई उपाशी आहे आणि वर गोळ्या घेतलेल्या आहेत, म्हणजे कुठल्याही क्षणी साखर कोसळेल. तारेने दीडशे आकडा दाखवला तर रेखा म्हणायची, उपाशी माणसाची साखर दीडशे कशी असेल? तारच चुकत असणार. सावधपणा म्हणून ती दिवसभराचं सगळं बोलणं पिवळं करायची आणि घरच्यांना निरोप धाडायची: 'आज शर्मिला उपाशी आहेत. त्यांचे बोलणे मनास लावून घेऊ नये.'

अहो, उपाशी कुठली? सकाळी वाटीभर साबुदाण्याची खिचडी, दुपारी वऱ्याचे तांदूळ नि शेंगदाण्याची आमटी, चार वाजता रताळ्याचा कीस. साबुदाणा म्हणजे शुद्ध पिष्ट, पोटात गेला की अर्ध्या तासात साखर. इतर दिवशी दोन भाकऱ्यांवर राहणाऱ्या बाईचं पोट आठवड्यात सगळ्यात जास्त भरलेलं असायचं ते गुरुवारी. पण पट्टी बनवणाऱ्या पोरांनी शब्दकोशात उपवास म्हणजे न खाणं एवढंच वाचलं होतं.

ही चूक जगात कुणाला आधी कळायला हवी होती, तर शर्मिलालाच. ती एकतीस वर्षं रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होती. नवीन असताना ती पेशंटांना सांगायची, "उद्या सकाळी उपवास करून या." दुसऱ्या दिवशी आजीबाई खिचडी खाऊन हजर. साखर दोनशे दहा. "अगं बाई, तूच म्हणालीस ना उपवास करून ये? चहासुद्धा उपवासाचाच घेतला की." तेव्हापासून तिने तो शब्द सोडला. "रिकाम्या पोटी या. पाण्याशिवाय काही नाही. खिचडीपण नाही," असं ती प्रत्येकाला तीनदा बजावायची.

तेव्हा रेखाची चूक तिला पहिल्याच गुरुवारी कळली होती. कंपनीला एक फोन केला असता तर काम झालं असतं. तिने केला नाही. अळीमिळी गुपचिळी.

का, ते सांगायला नकोच. चार वर्षं दर गुरुवारी ती मनात येईल ते बोलत आली. नणंदेला फोनवर म्हणाली, तुमच्या गप्पांना मी कंटाळते. ओवीला म्हणाली, तुझा तो मित्र मला आवडत नाही. कुणी रागावलं नाही, कुणी रुसलं नाही. उलट सगळे खायला घालायचे. बाकी सहा दिवस तोंडातून निघालेला शब्द दगडावरची रेघ, म्हणून त्या सहा दिवसांत तिचं बोलणं 'बघू', 'बरं', 'चालेल' एवढ्यावर आलं होतं. गुरुवारी तेवढा तिला श्वास घेता यायचा.

पण त्या बोलण्याने काही व्हायचं नाही, ही त्यातली दुसरी बाजू. आणि या वेळी काहीतरी व्हायला हवं होतं. हेमंतचे थोरले भाऊ, सुधीरदादा, साताऱ्यात एकटे राहायचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. महिन्यापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता इस्पितळ त्यांना घरी सोडणार होतं, नाहीतर आपल्याच शुश्रूषा केंद्रात ठेवणार होतं, आणि हेमंतला त्यांना घरी आणायचं होतं. शुश्रूषा करणाऱ्याची संमती लागणार होती. शुश्रूषा करणारी म्हणजे कोण, हा प्रश्न घरात कुणी विचारलासुद्धा नाही. सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हाही विचारला नव्हता.

सोमवारी हेमंतने विषय काढला होता. रेखा हिरवी होती.

"दादाने मला शिकवलं गं," तो म्हणाला. "वडिलांच्या जागी आहे तो मला. त्याला परक्या माणसांत कसा टाकू?"

"बघू," शर्मिला म्हणाली.

"शनिवारी अकरा वाजता घाटगे मॅडमचा फोन येणार आहे इस्पितळातून. तू तेवढं हो म्हण."

तिला नाही म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण हिरव्यातलं नाही म्हणजे कायमचं नाही. ते म्हणणारी बाई निर्दय, हे नणंदेपासून सगळ्यांना कळणार, आणि त्याला भुकेचं निमित्तही नाही. छत्तीस वर्षं जिने हूं की चूं केलं नाही, तिला एकदम एवढं कुठून जमणार? ती उठून भांडी लावायला गेली. एकोणसाठावं वर्ष चालू होतं. पाठ दुखायची, गुडघे दुखायचे, आणि रात्रभर झोपूनही सकाळी अंगात काही नसायचं. तो थकवा साखरेचा नव्हता. आकडे तिला वाचता येत होते.

म्हणून गुरुवारी ती बोलली, आणि त्यावर तिला लाडू मिळाला.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास ती लॅबमध्ये एका बाईच्या दंडाला पट्टा बांधत असताना ओवीचा फोन आला. एकदा, दोनदा, तीनदा.

"आई, तू मेसेज पाहिलास का? रेखाचा?"

"कामात आहे गं मी."

"अगं, नवी आवृत्ती आली. उपवासाची चूक सुधारली म्हणे त्यांनी. खिचडी, वऱ्याचे तांदूळ, सगळं घातलंय आत." ओवी थांबली. "आणि मागचंही सगळं परत तपासलंय. चार वर्षांचं. दोनशे सहा गुरुवार."

शर्मिलाने हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली.

"सगळं हिरवं झालंय आई. तू बोललेलं एक ना एक वाक्य. 'पूर्ण शुद्धीत व भरल्या पोटी' असं लिहून यादी पाठवलीय. मला आणि बाबांना." मग बारीक आवाजात, "तुला खरंच तो आवडत नाही?"

"नाही आवडत," शर्मिला म्हणाली, आणि सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आज शुक्रवार आहे.

"मग आधी नाही का सांगायचंस? मी हसण्यावारी नेलं सगळं." ओवी रडवेली झाली होती. "बाबा फोन उचलत नाहीयेत. तू घरी जा आधी."

ती घरी आली तेव्हा हेमंत जेवणाच्या टेबलाशी बसला होता. दुपारचं जेवण झाकून ठेवलेलं तसंच होतं. यादी त्याने शेजारच्या दुकानातून कागदावर छापून आणली होती, तीस-चाळीस पानं. चष्मा कपाळावर चढवून तो नुसता बसला होता.

"साबुदाण्याचा वीट आलाय असं एकवीस वेळा म्हणालीस," तो म्हणाला.

ती समोर बसली. हसावं का रडावं तिला कळेना.

त्याने पान उलटलं आणि वाचायला लागला. आवाज सपाट, गाड्यांच्या वेळा वाचाव्यात तसा. "'आई गेल्या तेव्हा मी रडले, ते सुटले म्हणून रडले.' 'नऊ वर्षांत तुम्ही एकदाही त्यांचं भांडं उचललं नाहीत.' 'निवृत्त झालात तरी चहाचा कप जागचा हलवत नाही.' 'दादांना इथे आणायचं नाही.'" त्याने कागद खाली ठेवला. "हे कालचं."

"हो."

"खरंच म्हणालीस?"

"तुमच्यासमोरच म्हणाले. तुम्ही लाडू दिलात."

त्याने कागदांचा गठ्ठा बाजूला केला. मग फोन तिच्यापुढे सरकवला.

"इथे खाली एक हरकतीची जागा आहे. आज संध्याकाळपर्यंत मुदत आहे. 'मी त्या दिवसांत उपाशीच होते' असं तू मान्य केलंस की सगळं होतं तसं पिवळं होतं. तुझा अंगठा लागतो फक्त." त्याने ती जागा बोटाने दाखवली. "भूक होती म्हण ना, शर्मिला. तेवढंच. मी कधी काढणार नाही विषय."

तिला त्याची फार दया आली. खरं सांगायचं तर क्षणभर तिने अंगठा पुढे केलाही. एक अंगठा, आणि घर जिथल्या तिथे. पुढच्या आठवड्यात दादा हॉलमधल्या खाटेवर. सकाळी सहाला त्यांचं तोंड धुणं, नळीतून भरवणं, मग लॅब, दुपारी धावत घरी, पाठीला पावडर, चादर, पुन्हा लॅब. दहा वर्षं निघाली तर तिचं एकोणसत्तरावं वर्ष.

तिने हात मागे घेतला. "मला भूक नव्हती," ती म्हणाली. "एकाही गुरुवारी नव्हती. चार वर्षं मला माहीत होतं, रेखा चुकतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर बोलले नसते."

मग हेमंतने पानं चाळायला सुरुवात केली. काहीतरी नेमकं शोधत होता. एका पानावर त्याने बोट ठेवलं.

"हे दोन वर्षांपूर्वीचं. ऑगस्टातलं." या वेळी त्याचा आवाज सपाट राहिला नाही. "'तुम्ही जवळ बसलात की बरं वाटतं मला. उगाच उठून जाऊ नका.'"

शर्मिलाला आठवलं. तिला ताप होता. तो पलंगाच्या कडेला बसला होता, आणि ती हे बोलल्याबरोबर घाईने उठून स्वयंपाकघरात गेला होता.

"मी केळं आणायला गेलो," तो म्हणाला. "मला वाटलं, साखर उतरली, म्हणून असं बोलतेयस."

त्याने चष्मा काढून ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थोड्या वेळाने तसाच, हातांच्या आडून म्हणाला, "हरकत घेतली तर हेही जाईल का?"

"सगळंच जाईल."

"एवढी एक ओळ ठेवता नाही येणार?"

"नाही हो. ठेवायचं तर सगळं ठेवा."

"दादाचंपण?"

"दादांचंपण." तिचेही डोळे भरून आले होते, पण आवाज कापला नाही. "ते वाईट आहेत म्हणून नाही. माझ्यात आता नाहीये, म्हणून. मला जमणार नाही. मी दमलेय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रेखाकडे नाही, फोनकडे नाही, तिच्याकडे. पांढरे झालेले केस, लॅबच्या कोटाचा राहून गेलेला वास, डोळ्यांखालचं काळं. मग फोन उचलला. तिला वाटलं, हरकतीची जागा पुन्हा उघडणार. त्याने इस्पितळाचा नंबर लावला.

"घाटगे मॅडम, मी सुधीर कुलथ्यांचा भाऊ. उद्याचा फोन करू नका. घरी नाही नेता येणार त्यांना. हो, तुमच्या केंद्रातच राहू दे. मी रोज येत जाईन. साडेआठच्या गाडीने येतो, दुपारी त्याला भरवून परततो. भरवायचं कसं, ते तेवढं शिकवा मला." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, तिने नकार दिलाय. नाही, उपाशी नव्हती. शुद्धीत होती. कारण? लिहा, ती दमलीय."

पलीकडे बाई बराच वेळ बोलत राहिल्या. शर्मिलाला शब्द ऐकू येत नव्हते, पण काय म्हणत असतील ते कळत होतं. हेमंत ऐकत होता, मान हलवत होता.

"तुमच्या यादीत तसं कारण नसेल मॅडम," तो शेवटी म्हणाला. "आमच्याही घरात नव्हतं. तुम्ही हाताने लिहा."